जोडलेला कॉल ऐकायचा नसतो: एका एकपात्री प्रयोगाचं प्रकरण

आमच्या सोसायटीतल्या काकू, एकेकाळच्या टेलिफोन ऑपरेटर, नोकरीतल्या गोष्टींचा एकपात्री प्रयोग करतात. त्यांचा पहिला जाहीर प्रयोग नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात झाला. समोर माणसं होती एक्कावन्न. त्यातली चौदा आमच्याच सोसायटीतली, म्हणजे ज्यांनी हे सगळं गच्चीवर फुकटात ऐकलेलं होतं. तिकीट शंभर रुपये, जमा ५,१००. भाडं, माइक, दोन फलक, चहा आणि रिक्षा धरून खर्च २३,४००. उरलेले १८,३०० आम्ही दोघींनी निम्मे निम्मे भरले. घरी परतताना रिक्षात काकू एवढंच म्हणाल्या, "माइकवाल्याने दोनदा जांभई दिली गं."

आज तोच प्रयोग तीस-चाळीस माणसांत चालतो, छप्पन मिनिटांत संपतो आणि लोक तो मागून घेतात. मधल्या दोन वर्षांत काय काय केलं, काय फसलं, ते लिहून ठेवते. काकूंचं आणि प्रयोगाचं नाव इथे देत नाही. सोलापूर मोठं दिसतं, पण तेवढं मोठं नाही, आणि काकूंनी मुलाला तसा शब्द दिलाय.

काकू १९८२ साली टपाल आणि तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. ट्रंक एक्स्चेंजच्या, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या, बोर्डावर बसायच्या. डोक्याला हेडफोन, समोर कॉर्डा, हातात तिकिटं. तिकीट म्हणजे कॉल बुक करणाऱ्याची चिठ्ठी: कुठून, कुठे, ऑर्डिनरी की अर्जंट की लायटनिंग, आणि पीपी, म्हणजे ठरावीक माणसासाठीचा कॉल, असेल तर कुणाला बोलवायचं त्याचं नाव. पुढे एसटीडी, म्हणजे परगावी थेट नंबर फिरवायची सोय, घरोघरी आली, बोर्ड गेले, खात्याचं बीएसएनएल झालं आणि काकू बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर आल्या. ३१ जानेवारी २०२० ला देशभरातून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली, त्यात त्या होत्या. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. संध्याकाळी गच्चीवर अंतर ठेवून बसायचं आणि काकूंनी रात्रपाळीच्या गोष्टी सांगायच्या, असं सुरू झालं. २०२२ च्या कोजागरीला कुणीतरी म्हणालं, "काकू, याचा कार्यक्रम करा की."

मी सहकारी बँकेत नोकरी करते आणि हौशी नाटकात वीस वर्षं आहे. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या चुका माझ्याच आहेत, ते आधीच सांगते.

पहिली चूक लिहिण्याची. काकूंना चार रविवार बसवून मी सगळं लिहून काढलं आणि अडतीस पानांची संहिता केली. ती अक्कलकोटच्या वाड्यात जन्म, मग शाळा, मग नोकरीचा अर्ज, अशी रांगेत चालली होती. एकटे लक्ष्मण देशपांडे बावन्न पात्रं उभी करायचे, हे आपल्याकडे जो तो सांगतो. आम्हालाही सांगितलं. म्हणून मी काकूंना एक शाल दिली आणि अकरा आवाज काढायला लावले. शाल डोक्यावर घेतली की म्हातारी, खांद्यावर टाकली की शेटजी. गच्चीवर न अडखळता दोन तास बोलणारी बाई शाल हातात आली की शाळेच्या स्नेहसंमेलनातल्यासारखी दिसायची. मला ते दिसत होतं. तरी वाटलं, तालमीने बसेल.

दुसरी चूक नाट्यगृहाची. प्रयोग म्हटला की नाट्यगृह, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की दुसरा विचारच शिवला नाही.

त्या फसलेल्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये होतं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत कानात घालून ऐकलं आणि लोक खोकले की वहीत मिनिट लिहिलं. पहिली बावीस मिनिटं नुसता खोकला. तेविसाव्या मिनिटाला माइक खरखरला आणि काकू संहिता सोडून पटकन म्हणाल्या, "हॅलो, सोलापूर बोलतंय, आवाज येतोय का? येतोय का आवाज?" सभागृह हसलं. विनोद काहीच नव्हता. त्या आवाजातच काहीतरी होतं: सपाट, किंचित वरच्या पट्टीतला, घाईचा पण न चिडलेला. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने तो कधीतरी ऐकलेला होता. अकरा आवाज मी उगाच शोधत बसले होते.

शाल गेली. पण खरी अडचण पुढे होती, आणि ती कळायला मला महिना लागला.

एका गोष्टीत काकू दर वेळी अडकायच्या. पूर्व भागातला एक पद्मशाली विणकर दर महिन्याच्या एक तारखेला भिवंडीला भावाशी बोलायला कॉल लावायचा. "मॅडम, भिवंडी लावा की ओ. ऑर्डिनरीच." एका एक तारखेला तो म्हणाला, "अर्जंट लावा." त्यापुढचं दोन भावांचं बोलणं मी लिहिलं होतं, दीड पान, आणि मला ते आवडलंही होतं. काकू नेमक्या त्या दीड पानात वाक्यं विसरायच्या. मी म्हटलं, वय झालं. चिठ्ठ्या करून दिल्या. एक दिवस त्यांनी चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली.

"हे मी ऐकलेलंच नाही. तू लिहिलंयस."

"मग खरं काय बोलले ते?"

"मला काय माहीत? मी कॉल जोडला, बोर्डावरची की खाली केली, लाइन सोडली."

मग त्यांनी नोकरीत पहिल्या आठवड्यात काय शिकवलं ते सांगितलं. १८८५ चा तार कायदा. खात्यातल्या माणसाने निरोपातला मजकूर बाहेर सांगणं हा गुन्हा. लाइन नीट लागली की नाही एवढं बघण्यापुरतं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं. "कानावर यायचंच," त्या म्हणाल्या. "रात्री दोन वाजता कधी ऐकतही बसायचो, खोटं कशाला बोलू. पण बाहेर नाही. ह्यांनासुद्धा नाही सांगितलं कधी." म्हणजे ही बाई चार महिने माझ्या संहितेसाठी स्वतःशी भांडत होती, आणि मी तिला विसरभोळी समजत होते.

त्या संध्याकाळी आम्ही नियम ठरवला: माणसं ऑपरेटरशी जे बोलली तेवढंच सांगायचं. एकमेकांशी बोलली ते सांगायचं नाही, माहीत असलं तरी नाही. अडतीस पानांतली सव्वीस उडाली. राहिलं काय? कॉल बुक होतो, वाट बघणं चालतं, मधेच "अजून नाही लागला का हो बाई?" येतं, कॉल लागतो, की खाली, टक, आणि शांतता. मग बरोब्बर "तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?"

भिवंडीची गोष्ट आता अशी आहे. विणकर म्हणतो, "अर्जंट लावा." काकू म्हणतात, "दुप्पट पैसे पडतील." तो म्हणतो, "लावा." कॉल लागतो. टक. काकू गप्प, हात मांडीवर. पुढच्या एक तारखेला तोच आवाज: "मॅडम, भिवंडी लावा की ओ. ऑर्डिनरीच." संपलं. पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये सांगितली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी जवळजवळ चिडल्या. "अहो पण झालं काय होतं?" काकू म्हणाल्या, "मला पण आजपर्यंत माहीत नाही." हे उत्तर आता प्रयोगात आहे. कुणी विचारलं तरच. अजून एकही प्रयोग असा झाला नाही की कुणी विचारलं नाही.

संहिता मग लिहिलीच नाही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक कॉल, असे चौदा पुठ्ठे केले. त्यावर वाक्यं नव्हती, फक्त गाव, प्रकार आणि एखादा शब्द: "भिवंडी, ऑ., एक तारीख". काकू दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगायच्या, मी रेकॉर्ड करायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघी ऐकून ज्या पुठ्ठ्याला लोक हलले नाहीत तो मागे टाकायचो. चौदातले नऊ उरले. क्रमासाठी मला कीर्तनाचा उपयोग झाला. पूर्वरंगात बुवा लोकांना एकेक सूत्र कानावर घालतात, आख्यान उत्तररंगात येतं. तसं आधीच्या पाच कॉलांत लोकांना बोर्ड, तिकीट, पीपी, टक हे सगळं विनासायास कळून जातं. मग ३० सप्टेंबर १९९३ ची रात्र येते.

त्या रात्री काकूंची पाळी होती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून शहर झोपलं होतं. ३ वाजून ५६ मिनिटांनी बोर्ड हलला. किल्लारीचा भूकंप. किल्लारी सोलापुरापासून शंभरेक किलोमीटर. पाच मिनिटांत दिवे लागले, सगळ्या कॉर्डा अपुऱ्या पडल्या आणि तिकडच्या लाइनी लागेनात. कॉल जोडलाच नाही, तर लोक बोलणार कुणाशी? ऑपरेटरशी. त्या पहाटे सोलापुरातल्या माणसांनी आपल्या माणसांना सांगायचं ते सगळं काकूंना सांगितलं. आमच्या नियमात ते बसतं. अख्ख्या प्रयोगात फक्त इथेच काकूंना पूर्ण बोलता येतं. हे मी योजलेलं नाही. पुठ्ठे मांडताना दिसलं आणि अंगावर काटा आला.

आता जागांचं.

प्रयोगाची जागा ठरवली एका बटणाने. की खाली केल्याचा आवाज कसा काढायचा, यावर आम्ही बरेच दिवस घालवले. मोबाइलवरचा आवाज खोटा वाटला, काकूंनी जिभेने काढून पाहिला तो टांग्यासारखा आला. शेवटी जुन्या बाजारातून काळं बॅकेलाइटचं घरगुती बटण आणलं आणि सुताराकडून लाकडी ठोकळ्यावर बसवून घेतलं. पस्तीस रुपये आणि सुताराचा चहा. त्याची टक पाचव्या रांगेपर्यंत जाते, सहाव्या रांगेत जात नाही. माइक लावला की ती टक राहत नाही, थाप होते. म्हणून पाच रांगा, आठ-आठ खुर्च्या, चाळीस माणसं, माइक नाही. आयोजकांना हे पटवणं सगळ्यांत कठीण. "मॅडम, आपला हॉल तीनशेचा आहे," असं अभिमानाने सांगणाऱ्याला "त्यातला एक कोपरा द्या" म्हटलं की तो दुखावतो.

आणि पंखे. पंखा चालू असला की टक ऐकू येत नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करा असं कुणाला म्हणून बघा. म्हणून आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पहिले सहा प्रयोग घरांत झाले. ट्यूबलाइट चालू, काकू जेवणाच्या टेबलाशी, लोक सतरंजीवर. तिकीट नाही, जाताना डब्यात काय टाकाल ते. सहा घरांत मिळून ७,२०० जमले, म्हणजे मोठ्या नाट्यगृहापेक्षा जास्त, आणि खर्च फक्त शेंगा चटणी न् कडक भाकरीचा, तोही यजमानांचा. घरात माणूस उठून जाऊ शकत नाही, हा मोठा फायदा. तोटाही तोच: कंटाळलेला माणूस घरात हसून साजरं करतो, त्यामुळे खरं कळत नाही.

खरं कळलं ते दूरसंचारच्या निवृत्तांच्या बैठकीत. पंचवीस जण, सगळे बोर्डावर बसलेले किंवा लाइनवर चढलेले. त्यांनी काकूंना चार ठिकाणी अडवलं. तिकिटावर वेळ कुठे लिहायची इथपासून. एकेकाळच्या मॉनिटर, म्हणजे ऑपरेटरांवर देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तू आता फार गोड बोलतेस. रात्री तीनला एवढं गोड कुणी बोलत नव्हतं." काकूंनी ते ऐकलं आणि आवाज परत कोरडा केला. माझ्या वीस वर्षांच्या नाटकाने एवढी नेमकी सूचना दिली नसती.

हळदीकुंकवाला तीनच कॉल सांगतो, पंधरा मिनिटं. स्टीलच्या वाट्यांचं वाण वाटणं चालू असतं, मुलं पळत असतात. तिथे किल्लारी सांगायची नाही हे ठरलेलं. पण दोन संक्रांतींतून पुढचे पाच प्रयोग निघाले. गणेशोत्सवात एकदाच गेलो. मंडळाची पोरं चांगली होती, त्यांनी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कॉलला पलीकडच्या मंडळाचा डॉल्बी सुरू झाला आणि काकूंच्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायला लागला. काकू हसल्या, हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "लाइन खराब आहे, नंतर बुक करा." आरती करून आलो.

सगळ्यांत भरवशाची जागा निघाली ग्रंथालय. आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत, आणि ग्रंथपालाला काही ठरलेल्या तारखांना कार्यक्रम करायचाच असतो: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. आम्ही "आमचा प्रयोग ठेवा" असं पत्र पाठवायचो तेव्हा उत्तर यायचं नाही. "आपल्या २७ तारखेच्या कार्यक्रमासाठी" असं पाठवलं की फोन यायचा. पैसे फार नसतात, दोन-तीन हजार आणि एसटीचं भाडं, पण खुर्च्या, शांतता आणि वेळेवर येणारी माणसं असतात. फक्त दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, मनोगत यांत पाऊण तास जातो. त्यावर उपाय म्हणून काकू आधीपासूनच टेबलाशी हेडफोन घालून बसून राहतात. पाहुणे आपोआप आवरतं घेतात.

कागदपत्रांत एक गंमत झाली. महाराष्ट्रात जाहीर नाट्यप्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. न लिहिलेल्या प्रयोगाची संहिता कुठून आणायची? शेवटी एका रेकॉर्डिंगवरून मीच उतरवून काढली. त्यात "टक" हा शब्द एकतीस वेळा आलाय. तिकीट क्वचितच लावतो, लावलं तर दीडशे. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे ती कटकट नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका वाचनालयातला प्रयोग वेगळा सांगायला हवा. भूकंपाच्या पट्ट्याच्या इतकं जवळ हा प्रयोग न्यावा का, यावर आमचं भांडण झालं होतं. मी नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, "तिकडच्यांना ऐकवायला लाज वाटत असेल, तर इकडे तरी कशाला सांगायचं?" तोवर किल्लारीची रात्र प्रयोगाच्या शेवटी होती आणि तिचा शेवट सकाळी सात वाजता पहिली लाइन लागते तिथे व्हायचा. लोक रडायचे, टाळ्या वाजवायचे. त्या दिवशीही वाजवल्या. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ, सत्तरीचे असावेत, मांडीवर कापडी पिशवी, ते तसेच बसून राहिले. सगळे चहाला गेल्यावर पुढे आले.

"बाई, त्या रातची न लागलेली तिकिटं कुठं गेली?"

काकू म्हणाल्या, "काही महिने ठेवायचो. मग रद्दीत."

"आमचं एक असंल त्यात," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "सोलापूरवरनंच लावला होता." आणि चहा न घेता गेले.

परतीच्या एसटीत काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तो शेवट काढ. लागलेल्या कॉलवर टाळ्या घ्यायच्या नाहीत.

तीन आठवडे प्रयोग बंद ठेवला. आता किल्लारीची रात्र मधे येते, सहाव्या पुठ्ठ्यावर. काकूंच्या पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. त्या एकेक उचलून फक्त गाव वाचतात आणि पालथी ठेवतात: किल्लारी. सास्तूर. मंगरूळ. होळी. पेठसांगवी. किल्लारी. किल्लारी. सास्तूर. टक नाही. हे चार मिनिटं चालतं आणि मला दर वेळी वाटतं, लोकांना सहन होणार नाही, पण होतं. पाळी मात्र सकाळी आठपर्यंत असते. म्हणून त्यानंतर तीन कॉल आहेत, अगदी साधे. मार्केट यार्डातला कांद्याचा भाव विचारणारा. लग्नाची तारीख कळवणारी. शेवटचा चुकीचा नंबर. टाळ्या आता उशिरा येतात, कधी येतही नाहीत. एका आयोजकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधीचा शेवट जास्त चांगला होता हो." त्यांचं म्हणणं मला कळतं. बांधणीच्या दृष्टीने ते चूकही नाहीत. एखाद्या रात्री त्या चुकीच्या नंबरावर प्रयोग खरंच लटकतो, आणि त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

या हिवाळ्यात भिवंडीहून विचारणा आलीय. तिथल्या तेलुगू-मराठी मंडळींचा छोटा हॉल आहे, साठ खुर्च्यांचा. आम्ही चाळीसच भरू म्हटलं, ते तयार आहेत. पंखे बंद करायलाही तयार आहेत. मला वाटलं काकू लगेच हो म्हणतील. त्यांनी दोन दिवस घेतले.

"तो भाऊ समोर बसला असला तर?" त्या म्हणाल्या.

"मग विचारू की, त्या एक तारखेला काय झालं होतं."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नव्या पोरींकडे बोर्डावर बहुतेक पाहत असतील. "विचारायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुठ्ठ्यांना रबर लावून डबा बंद केला. गाडीचं रिझर्व्हेशन काल केलं.